एका सर्व्हरवर बारा साइट्स आणि पुन्हा पुन्हा लाल होणारा हेल्थ चेक

तक्रार साधारण अशी येते: ब्राउझरमध्ये साइट व्यवस्थित उघडते, पण लोड बॅलन्सरच्या (विनंत्या सर्व्हरांत वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या) पानावर सर्व्हर लाल. किंवा उलट, तिथे सगळं हिरवंगार आणि लोकांना मात्र ५०२ (मागच्या सेवेकडून नीट उत्तर नाही). किंवा तेरावी साइट चढवली आणि आधीच्या बाराच्या बारा आडव्या. मग कोणीतरी एनजिनएक्स (साइट्स पुरवणारं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर) रीस्टार्ट करतं, प्रश्न दबतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा डोकं वर काढतो.

बहुतेक वेळा गोंधळ एकच असतो. हेल्थ चेक, म्हणजे लोड बॅलन्सर ठरावीक वेळाने करतो ती तपासणी, विचारपूस करतो सर्व्हरची, आणि उत्तर देते त्या सर्व्हरवरची कुठली तरी एक साइट. ती कोणती, हे कोणीच ठरवलेलं नसतं. ते ठरवलं की निम्मं काम झालं.

खालचं सगळं एका नेहमीच्या मांडणीवर बेतलं आहे: पुढे एचएप्रॉक्सी हा लोड बॅलन्सर, मागे १०.०.०.११ आणि १०.०.०.१२ असे दोन सर्व्हर, दोन्हीवर एनजिनएक्स, पीएचपी-एफपीएम (पीएचपीचा कोड चालवणारी सेवा) आणि त्याच बारा साइट्स. अपाची किंवा क्लाउडवाल्यांसाठी फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे सांगितला आहे. सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. फाइलीत ती अर्थातच रोमन अक्षरांत जातील.

आधी कारण वाचा, मग सेटिंगला हात लावा

एचएप्रॉक्सीच्या स्टॅट्स पानावर लाल ओळीत एक छोटा संकेत असतो. लोक रंग बघतात, संकेत वाचत नाहीत. एल४कॉन म्हणजे जोडणीच नाकारली गेली: सेवा बंद आहे किंवा फायरवॉलने तोंडावर दार आपटलं. एल४टाउट म्हणजे पाकीट गेलं आणि काहीच परत आलं नाही. फायरवॉल पाकिटं गुपचूप गिळते तेव्हा हेच दिसतं. एल६ने सुरू होणारा संकेत टीएलएसच्या (एचटीटीपीएसमागच्या सुरक्षित जोडणीच्या) वाटाघाटीतला. एल७एसटीएस म्हणजे उत्तर आलं पण स्टेटस कोड चुकीचा, आणि तो कोड शेजारीच छापलेला असतो. एल७टाउट म्हणजे जोडणी झाली, विनंती गेली, उत्तर वेळेत आलं नाही.

‘ऑप्शन लॉग-हेल्थ-चेक्स’ चालू करून ठेवा. मग हिरवा-लाल प्रत्येक बदल वेळेसकट लॉगमध्ये पडतो. वेळ का महत्त्वाची, ते पुढे दहा मिनिटांच्या प्रकरणात दिसेल.

होस्ट हेडर नसलेली विचारपूस

नुसतं ‘ऑप्शन एचटीटीपीचेक’ लिहिलं तर एचएप्रॉक्सी ऑप्शन्स पद्धतीची विनंती ‘/’ या पत्त्यावर एचटीटीपी १.० मध्ये पाठवतो. होस्ट हेडर, म्हणजे कोणती साइट हवी ते नाव, त्यात नाही. चाळीच्या पत्त्यावर खोली क्रमांक न घालता पाठवलेलं पत्रच ते. पहिल्या दाराशी जाऊन पडणार. एनजिनएक्समध्ये ते पहिलं दार म्हणजे त्या पोर्टचा डिफॉल्ट सर्व्हर ब्लॉक.

त्या दाराशी काय होईल हे त्या साइटवर अवलंबून. साधी स्थिर फाइल असेल तर एनजिनएक्स ऑप्शन्सला ४०५ (ही पद्धत चालत नाही) देतो. सुरक्षेसाठी कोणी डिफॉल्ट ब्लॉकमध्ये ‘रिटर्न ४४४’ लिहून ठेवलं असेल तर जोडणी उत्तराविना बंद होते. जॅंगोचं अ‍ॅप असेल आणि परवानगीच्या होस्ट यादीत ते नाव नसेल तर ४००. वर्डप्रेस बहुधा आपल्या अधिकृत पत्त्याकडे ३०१ने पिटाळतो. चारही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत, पण त्या बारांतली, समजा, एखाद्या शाळेची साइट चालू आहे की नाही हे त्यातलं एकही सांगत नाही.

लोड बॅलन्सरवरूनच ही विनंती हाताने करून बघता येते. कर्लला शून्याचा पर्याय द्या म्हणजे एचटीटीपी १.० वापरला जाईल, पद्धत ऑप्शन्स ठेवा, आणि हेडरच्या पर्यायात ‘होस्ट:’ लिहून पुढे काहीच लिहू नका. मग कर्ल तो हेडर पाठवतच नाही. पत्ता १०.०.०.११. जे उत्तर येईल तेच एचएप्रॉक्सीला मिळतं आहे. तुमच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमधली चाचणी इथे निरुपयोगी, कारण ब्राउझर होस्टही पाठवतो आणि एसएनआयही (टीएलएस जोडणी सुरू करतानाच सांगितलेलं साइटचं नाव).

उपाय सोपा आहे. प्रत्येक साइटला स्वतंत्र बॅकएंड (एचएप्रॉक्सीच्या फाइलीतला मागच्या सर्व्हरांचा गट) द्या आणि त्यात ‘एचटीटीपी-चेक सेंड’ ही ओळ घाला: पद्धत गेट, पत्ता हेल्थचा, आवृत्ती एचटीटीपी १.१ आणि होस्ट हेडरमध्ये त्या साइटचं खरं नाव. ही ओळ एचएप्रॉक्सी २.२ पासून चालते. त्याआधीच्या आवृत्त्यांत होस्ट हेडर एचटीटीपीचेकच्या ओळीतच कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन घालून चिकटवावा लागायचा; जुन्या फाइलीत तसं दिसलं तर दचकू नका, पण बदलून टाका. आवृत्ती १.१ लिहिली आणि होस्ट विसरलात तर ४०० ठरलेलं, कारण १.१ मध्ये तो हेडर सक्तीचा आहे.

एक चकवा इथे बऱ्याच जणांना अडकवतो. फ्रंटएंडमध्ये (लोकांच्या विनंत्या घेणाऱ्या भागात) किंवा बॅकएंडमध्ये ‘एचटीटीपी-रिक्वेस्ट सेट-हेडर’ने जे हेडर लावता ते हेल्थ चेकला लागत नाहीत. तपासणी त्या वाटेने जातच नाही. म्हणून अ‍ॅप ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ बघून एचटीटीपीएसकडे वळवत असेल तर लोकांसाठी साइट चालते आणि चेकला मात्र सतत ३०१ मिळतो. तो हेडरही चेकच्या ओळीत वेगळा द्यावा लागतो.

तेरावी साइट चढवली की बारा का पडतात

डिफॉल्ट सर्व्हर कोणता हे स्पष्ट लिहिलं नसेल तर एनजिनएक्स त्या पोर्टवरचा पहिला ब्लॉक घेतो. अपाचीतही पहिला व्हर्च्युअल होस्टच डिफॉल्ट. आणि ‘पहिला’ ठरतो फाइलींच्या नावांच्या वर्णानुक्रमाने, कारण साइट्सच्या फोल्डरमधल्या फाइली त्याच क्रमाने वाचल्या जातात. डेबियन-उबुंटूवर अपाचीची मूळ फाइल तीन शून्यांनी सुरू होते ती याचसाठी. ती काढून टाकली, नव्या ग्राहकाच्या फाइलीचं नाव ‘ए’ने सुरू झालं, की तो झाला सगळ्यांचा म्होरक्या. होस्टशिवाय येणारा चेक आता त्याच्या अर्धवट साइटवर आदळतो, ५०० घेऊन परततो, आणि बाकी बारा निष्पाप साइट्सही लाल होतात.

याहून लपलेला प्रकार लिसन ओळीत सापडतो. अकरा साइट्समध्ये ‘लिसन ८०’ आणि बाराव्यात कोणी ‘लिसन १०.०.०.११:८०’ लिहिलं. एनजिनएक्स आधी पत्ता-पोर्ट जुळवतो, त्यानंतर नाव. त्यामुळे त्या पत्त्यावर येणारी प्रत्येक विनंती, होस्ट हेडर बरोबर असला तरी, त्या एकाच साइटकडे जाते. दुसऱ्या सर्व्हरवर ती ओळ नसेल तर तो सर्व्हर ठणठणीत दिसतो आणि लोक पहिल्याच्या हार्डवेअरला दोष देत बसतात. मोठ्या टीच्या पर्यायाने एनजिनएक्सची सगळी जुळवलेली सेटिंग छापून घ्या आणि त्यात फक्त लिसनच्या ओळी बघा. अपाचीसाठी ‘अपाचीसीटीएल’ला मोठ्या एसचा पर्याय दिला की डिफॉल्ट कोण ते सरळ छापून येतं.

कायमचा बंदोबस्त असा: कोणत्याही ग्राहकाचा नसलेला एक सर्व्हर ब्लॉक तयार करा, त्याची लिसन ओळ ‘डिफॉल्ट_सर्व्हर’ने संपवा, आणि हेल्थसाठी ८०८१ हे वेगळं पोर्ट ठेवा. त्या पोर्टवर फक्त एक पत्ता, जो २०० देतो. परवानगी फक्त लोड बॅलन्सरच्या आयपीला, बाकी सगळ्यांना नकार. अ‍ॅक्सेस लॉग तिथे बंद ठेवा: दर २ सेकंदांचा चेक दिवसाला ४३,२०० ओळी लिहितो, आणि दोन लोड बॅलन्सर असतील तर त्याच्या दुप्पट.

क्लाउडवर

एडब्ल्यूएसच्या अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सरमध्ये हेल्थ चेकचा होस्ट हेडर तुम्हाला ठरवता येत नाही. तिथे डोमेनऐवजी आयपी पत्ता जातो. म्हणून वरचा ८०८१चा ब्लॉक तिथे सोय म्हणून नाही, गरज म्हणून लागतो. मूळ सेटिंग ३० सेकंदांनी एकदा, मुदत ५ सेकंद, सलग २ चुकांनंतर बाद, सलग ५ यशांनंतर परत, आणि मान्य कोड फक्त २००. आणखी एक: टार्गेट ग्रुपमधले (मागच्या सर्व्हरांच्या गटातले) सगळेच सर्व्हर बाद झाले तर हा बॅलन्सर विनंत्या थांबवत नाही, सगळ्यांकडे पाठवत राहतो. ‘सगळं लाल आहे पण साइट चालते’ या कोड्याचं उत्तर हेच. एचएप्रॉक्सी अशा वेळी सरळ ५०३ देतो.

अझ्युरच्या अ‍ॅप्लिकेशन गेटवेची न बदललेली तपासणी होस्ट म्हणून १२७.०.०.१ पाठवते आणि २०० ते ३९९ मान्य करते; तिथे स्वतःची तपासणी बनवून होस्ट देता येतो. गूगलच्या बॅलन्सरमध्येही होस्ट देता येतो, पण फायरवॉलमध्ये १३०.२११.०.०/२२ आणि ३५.१९१.०.०/१६ या दोन पट्ट्या उघडल्या नाहीत तर बाकी काहीही करा, लालच.

खोटं हिरवं

हे लालपेक्षा वाईट, कारण फोन करून सांगणारा तुमचा ग्राहक असतो. एचएप्रॉक्सी सांगितलं नाही तर २०० ते ३९९ सगळं ‘बरं आहे’ मानतो. पोर्ट ८० वरचा ब्लॉक एचटीटीपीएसकडे ३०१ देतो, तो देताना पीएचपीला विचारतसुद्धा नाही. म्हणजे एफपीएम मरून पडलं तरी चेक हिरवा. ‘एचटीटीपी-चेक एक्स्पेक्ट स्टेटस २००’ ही ओळ प्रत्येक बॅकएंडमध्ये हवीच.

‘डिसेबल-ऑन-४०४’ वापरत असाल तर जपून. तपासणीची फाइल काढली की ४०४ येतो आणि सर्व्हर हळूच बाजूला होतो, ही डिप्लॉयच्या वेळी फार सोयीची गोष्ट. पण चुकीच्या व्हर्च्युअल होस्टकडून आलेला ४०४ही तेच करतो, आणि पानावर लाल न दिसता सर्व्हर नव्या विनंत्या घेणं थांबवतो.

टीएलएस आणि प्रॉक्सी प्रोटोकॉलचे सापळे

मागच्या बाजूलाही एचटीटीपीएस असेल तर होस्टच्या जोडीला एसएनआय लागतो. सर्व्हरच्या ओळीतलं ‘एसएनआय’ हे लोकांच्या वाहतुकीसाठी. तपासणीसाठी ‘चेक-एसएनआय’ वेगळं लिहायचं. ते नसेल तर सर्व्हर पहिल्या साइटचं प्रमाणपत्र पुढे करतो, आणि प्रमाणपत्र पडताळणी चालू असेल तर एल६ची चूक येते. अपाचीत ४२१ येऊ शकतो: एसएनआय एका साइटचा किंवा नाहीच, आणि होस्ट दुसऱ्या साइटचा. २०२५ मधल्या २.४.६४ या आवृत्तीपासून अपाची यात जास्त कडक झाला, त्यामुळे काहीही न बदलता फक्त अपडेटनंतर ४२१ दिसू लागला असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

दुसरा सापळा: सर्व्हरच्या ओळीत ‘एसएसएल’ किंवा ‘सेंड-प्रॉक्सी’ असेल तर तपासणीही तशीच जाते, पण त्याच ओळीत तपासणीसाठी वेगळं ‘पोर्ट’ किंवा ‘अ‍ॅडर’ दिलं की ते बंद होतं. मग ८०८१ वर साधी विनंती जाते. तिथे एनजिनएक्स प्रॉक्सी प्रोटोकॉलची (जोडणीच्या सुरुवातीला मूळ पत्ता सांगणाऱ्या मजकुराची) वाट बघत असेल तर एरर लॉगमध्ये ‘ब्रोकन हेडर’ची रांग लागते. एकतर ८०८१च्या लिसन ओळीतून प्रॉक्सी प्रोटोकॉल काढा, हे जास्त साधं. नाहीतर ‘चेक-सेंड-प्रॉक्सी’ लिहा.

बरोबर दहा मिनिटं गायब

लॉगमध्ये सर्व्हर पडल्याची आणि परत आल्याची वेळ बघा. अंतर दर वेळी १० मिनिटांच्या आसपास असेल तर फेल२बॅनकडे (वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांवर बंदी घालणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) वळा. त्याची मूळ बंदी १० मिनिटांची असते. कोणीतरी एका साइटच्या लॉगिनवर पासवर्ड मारत बसतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र पत्ता दिसतो लोड बॅलन्सरचा. पाच चुकांनंतर फेल२बॅन लोड बॅलन्सरलाच बंद करतं. बारा साइट्स एका झटक्यात जातात. मूळ सेटिंगमध्ये ते जोडणी नाकारतं, म्हणून संकेत एल४कॉन असतो. पाकीट गिळणारी सेटिंग असेल तर एल४टाउट.

‘इग्नोरआयपी’मध्ये लोड बॅलन्सरचे पत्ते घाला, हे लगेच करायचं. मग एनजिनएक्समध्ये ‘सेट_रिअल_आयपी_फ्रॉम’ आणि ‘रिअल_आयपी_हेडर’ लावून लॉगमध्ये खरा पत्ता आणा. पण इथवर येऊन थांबलात तर बंदी शोभेची राहते: पाकिटं लोड बॅलन्सरकडूनच येतात, त्यामुळे सर्व्हरच्या आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) हल्लेखोराचा पत्ता कितीही वेळा लिहा, जुळणारं पाकीट तिथे येतच नाही. बंदी लोड बॅलन्सरवर किंवा एनजिनएक्सच्या नकार यादीत घालावी लागते.

विचारायचं काय, आणि किती खोल

दोन प्रश्न वेगळे ठेवा. यंत्र जिवंत आहे का, हा ८०८१चा प्रश्न, दर २ सेकंदांनी. अमुक साइट चालते का, हा त्या त्या बॅकएंडचा प्रश्न, दर १० सेकंदांनी पुरतो. बारीकसारीक साइट्सना, एखाद्या मंडळाच्या चार पानांच्या साइटला वगैरे, स्वतंत्र चेक नकोच. त्यांच्या सर्व्हरच्या ओळीत ‘ट्रॅक’ लिहून यंत्राच्या बॅकएंडमधल्या त्याच सर्व्हरकडे बोट दाखवा. एकाच ओळीत ‘चेक’ आणि ‘ट्रॅक’ दोन्ही चालत नाहीत.

साइटच्या चेकसाठी मुखपृष्ठ वापरू नका. त्यात डेटाबेस, थीम, बाहेरून येणाऱ्या बातम्या सगळं येतं. प्रत्येक साइटचा एफपीएम पूल, म्हणजे पीएचपी चालवणाऱ्या कामगार प्रक्रियांचा गट, वेगळा असेल (असावाच) तर ‘पिंग.पाथ’ चालू करा. ‘पाँग’ उत्तर आलं म्हणजे एनजिनएक्सपासून त्या पूलच्या कामगारापर्यंत वाट मोकळी आहे. वर्डप्रेसच्या अद्ययावतीकरणात देखभाल फाइल ५०३ देते, पिंगला तिचा त्रास होत नाही. पण लक्षात घ्या, पिंगला उत्तर पूलमधलाच एक कामगार देतो. ‘पीएम.मॅक्स_चिल्ड्रेन’ ५ आहे आणि पाचही अडकले असतील तर पिंगही रांगेत. एफपीएमच्या लॉगमध्ये ती मर्यादा गाठल्याची ओळ आणि एचएप्रॉक्सीत एल७टाउट एकाच मिनिटाला दिसले तर दुखणं हेल्थ चेकचं नाही, पूलचं आहे.

डेटाबेस चेकमध्ये घालायचा का, यावर वाद होतात. दोन्ही सर्व्हर एकाच डेटाबेसवर असतील तर घालू नका. डेटाबेस गेला की दोन्ही लाल होतात आणि एरवी कॅशमधून किंवा स्थिर फाइलींतून दिसू शकली असती ती पानंही ५०३ने जातात. लोड बॅलन्सरने अशा वेळी विनंत्या पाठवायच्या तरी कुठे? डेटाबेसची राखण मॉनिटरिंगने करावी, तिथे माणसाला फोन जातो.

आकडे

एचएप्रॉक्सीत न लिहिता मिळणारे आकडे: इंटर (दोन तपासण्यांमधलं अंतर) २ सेकंद, फॉल (किती चुकांनंतर लाल) ३, राइज (किती यशांनंतर हिरवा) २. ‘टाइमआउट चेक’ दिला नसेल तर जोडणी आणि उत्तर मिळून सगळं इंटरच्या आतच आटपावं लागतं, म्हणजे २ सेकंदांत. थंड कॅशवर २.३ सेकंद घेणारं मुखपृष्ठ म्हणूनच रोज पहाटे लाल होतं आणि सकाळी कोणी बघेपर्यंत हिरवं.

बारा साइट्स, दर २ सेकंदांनी, दोन लोड बॅलन्सर (राखीव असलेलाही तपासत असतो): एका सर्व्हरवर सेकंदाला १२ विनंत्या. प्रत्येक विनंती पीएचपीत ३०० मिलिसेकंद खात असेल तर साडेतीनहून जास्त कामगार फक्त तब्येत विचारण्यात गुंतलेले. इंटर १० केला की विनंत्या २.४ वर येतात, आणि त्याही हलक्या पिंगच्या. सापडायला उशीर होईल ही भीती असेल तर ‘फास्टइंटर’ १ सेकंद ठेवा: पहिली चूक दिसताच पुढच्या दोन तपासण्या सेकंदासेकंदाने होतात, आणि ३० ऐवजी साधारण १२ सेकंदांत निकाल लागतो, उत्तरच येत नसेल तर टाइमआउटचा वेळ त्यात वाढतो. ‘डाउनइंटर’ (सर्व्हर लाल असतानाचं अंतर) ५ सेकंद पुरे. ग्लोबल भागात ‘स्प्रेड-चेक्स’ ५ (टक्के) घाला, म्हणजे बारा तपासण्या एकाच क्षणी आदळणार नाहीत.

गर्दीच्या दिवशी, निकाल लागल्यावर शाळेच्या साइटचं होतं तसं, वेगळीच झोक्यासारखी अवस्था येते: एक सर्व्हर तुंबून लाल, सगळा भार दुसऱ्यावर, तोही लाल, तोवर पहिला मोकळा होऊन हिरवा, पुन्हा तोच भार. इथे फॉल वाढवून भागत नाही. सर्व्हरच्या ओळीत ‘मॅक्सकॉन’ पूलच्या आकाराला धरून लावा म्हणजे जास्तीच्या विनंत्या एचएप्रॉक्सीच्या रांगेत थांबतील, आणि ‘स्लोस्टार्ट’ ६० सेकंद द्या म्हणजे परत आलेल्या सर्व्हरवर एकदम ओझं पडणार नाही.

एचएप्रॉक्सीऐवजी पुढे मोफत एनजिनएक्सच असेल तर स्वतःहून विचारपूस करणारा चेक त्यात नाहीच. लोकांच्या विनंत्या फसल्या की त्यावरून तो अंदाज बांधतो. मूळ आकडे ‘मॅक्स_फेल्स’ १ आणि ‘फेल_टाइमआउट’ १० सेकंद. बारा साइट्स एकाच अपस्ट्रीम ब्लॉकमधून (मागच्या सर्व्हरांच्या यादीतून) जात असतील तर एका रेंगाळलेल्या साइटचा एक टाइमआउट तो सर्व्हर बाराही साइट्ससाठी १० सेकंद बाद करतो. प्रत्येक साइटला वेगळा अपस्ट्रीम लिहा, सर्व्हर तेच असले तरी.

बदल केल्यावर

मुद्दाम मोडून बघा, दुपारच्या निवांत वेळी. १०.०.०.११ वर स्वतंत्र चेक असलेल्या एका साइटचा पूल बंद करा: बाराव्या सेकंदाच्या आसपास फक्त त्या साइटचा फक्त तो सर्व्हर लाल व्हावा, बाकी अकरा हिरव्या. पूल चालू करून एनजिनएक्स थांबवा: त्या सर्व्हरच्या बाराही ओळी लाल, लोकांना मात्र दुसऱ्यावरून साइट मिळत राहावी. शेवटी शून्यांनी सुरू होणाऱ्या नावाची एक रिकामी साइट चढवा आणि एनजिनएक्स रीलोड करा. काहीच बदलता कामा नये. बदललं, तर कुठल्या तरी बॅकएंडमध्ये होस्ट हेडर लिहायचा राहिला आहे, किंवा ‘डिफॉल्ट_सर्व्हर’ एका सर्व्हरवर लिहून दुसऱ्यावर लिहायचं राहून गेलं आहे.